'जॅक असताना स्टँड कशाला?' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

'गॅरेजवाल्यांची लूट थांबवा, गाडीचं काम घरच्या घरी करा' असा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. ऑइल बदलणं, सायलेन्सरचा क्लॅम्प आवळणं, पावसाळ्याआधी गाडीखालचा गंज खरवडून कोटिंग मारणं, हे सगळं पार्किंगमध्ये कसं उरकायचं ते त्यात सांगितलंय. इथवर माझी तक्रार नाही. आपल्या गाडीला स्वतः हात लावणारी माणसं मला आवडतात. पण त्याच मेसेजात पुढे सात मुद्दे आहेत आणि त्यांचा सूर एकच: जॅक स्टँड, म्हणजे जॅकने उचललेली गाडी ज्यावर टेकवून ठेवतात ते लोखंडी टेकू, घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

आमच्या घरच्या ग्रुपवर तो दाजींनी टाकला. संध्याकाळी भाच्याचा फोन आला, "मामा, रविवारी ऑइल मीच बदलतोय. बाजूच्या बांधकामावर ब्लॉक पडलेत, ते लावतो खाली." पोराला अजून विशी लागायची आहे. मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे, आणि उचललेल्या वजनाखाली जायचं नाही हे आमच्याकडे नवीन पोराला पहिल्याच दिवशी बजावतात. त्याला फोनवर जे बोललो तेच इथे सविस्तर लिहितोय. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी हेही पुढे पाठवावं.

"जॅकवर दोन टन लिहिलेलं असतं. गाडी एक टनाचीही नसते. मग भीती कसली?"

आकडे बरोबर आहेत. स्विफ्टसारखी गाडी रिकामी नऊशे किलोच्या आसपास भरते. पण ते दोन टन उचलण्यासाठी आहेत, तासभर धरून ठेवण्यासाठी नाहीत. हायड्रॉलिक जॅकमध्ये गाडी उभी असते ती तेलाच्या दाबावर. तो दाब अडवून ठेवतात एक रबरी सील आणि एक छोटा व्हॉल्व्ह. बहुतेक जॅकमध्ये त्या व्हॉल्व्हमध्ये छर्ऱ्याएवढी पोलादी गोळी आपल्या जागी घट्ट बसलेली असते. त्या जागेवर कचऱ्याचा एक कण आला की तेल परतायला लागतं. सील वर्षानुवर्षं डिकीत पडून कडक झालेलं असतं, ते बाहेरून दिसत नाही. कधी जॅक हळूहळू बसतो, कधी एकदम. कारखान्यात क्रेन, पुलीसारख्या उचलायच्या यंत्रांची वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून तपासणी करावी लागते, १९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टच्या कलम २९ मध्ये ते लिहिलेलं होतं. तुमच्या डिकीतला जॅक शेवटचा कोणी तपासला?

गाडीबरोबर येतो तो कात्री जॅक. त्यात तेल नाही, स्क्रू आहे, म्हणून तो सुरक्षित असं काहींना वाटतं. पण त्याची बैठक तळहाताएवढी असते आणि बाजूने धक्का बसला की तो कलतो. खाली झोपून घट्ट बसलेला नट ओढताना आपण नेमका तोच धक्का देत असतो.

माझं ऐकू नका, गाडी बनवणाऱ्याचं ऐका. डॅशबोर्डच्या कप्प्यात ओनर्स मॅन्युअल पडलेलं असतं, ते काढा. मारुती सुझुकीच्या मॅन्युअलमध्ये जॅकच्या पानावर चौकटीत इशारा आहे: जॅक फक्त चाक बदलण्यासाठी, तोही सपाट आणि कडक जमिनीवर वापरा, गाडी जॅकवर असताना तिच्याखाली कधीही जाऊ नका, इंजिन सुरू करू नका, आत कोणाला बसवू नका. ज्यांनी गाडीही दिली आणि जॅकही दिला, तेच हे सांगतायत. दाजींना मी त्या पानाचा फोटो पाठवला. मोठ्या गॅरेजातली दोन खांबांची लिफ्टसुद्धा नीट ऐका. गाडी वर जाताना टक टक आवाज येतो, ती लोखंडी कुलपं पडत असतात. मेकॅनिक गाडी थोडी खाली घेऊन त्या कुलपांवर बसवतो आणि मगच खाली शिरतो. तेवढ्या महागड्या लिफ्टच्याही तेलावर कोणी जीव टाकत नाही.

"स्टँड नसेल तर विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक लावा. अख्खं घर विटांवर उभं राहतं, गाडीचं काय घेऊन बसलात?"

मेसेजमधलं हे सर्वांत घातक वाक्य. ऐकायला इतकं पटतं की माझा भाचा, मेकॅनिकलचा विद्यार्थी, तोही फसला.

घर विटांवर उभं राहतं कारण भिंतीत वजन सगळीकडे सारखं पसरलेलं असतं. प्रत्येक विटेच्या पूर्ण पाठीवर मसाल्याचा थर असतो, बाजूच्या विटा तिला धरून असतात, आणि भिंतीला कोणी पान्याने हिसडे देत नाही. आता गाडीखाली वाकून बघा. दाराखालच्या ज्या कडेला आपण टेकू देतो ती पत्रे वेल्डने जोडून केलेली पट्टी असते, जाडी काही मिलिमीटर. गाडीचा एक कोपरा म्हणजे दोनशे-अडीचशे किलो, आणि ते सगळं त्या पट्टीतून विटेवर एका रेघेत उतरतं. गवंडी वीट कशी तोडतो ते पाहिलंय? वीट हातात घेतो, करणीच्या धारेने एक टोला मारतो, दोन तुकडे. त्याला ताकद लागत नाही, धार लागते. गाडीच्या कडेची ती पट्टी म्हणजे तीच धार, आणि पान्याचा प्रत्येक हिसडा हा टोला.

दुसरी गोष्ट, वीट आणि सिमेंट आधी सांगत नाहीत. लोखंड वाकतं, लाकूड दबतं, करकरतं, बाहेर सरकायला क्षण दोन क्षण मिळू शकतात. वीट शेवटच्या क्षणापर्यंत ठणठणीत दिसते आणि मग एकदम फुटते. पोकळ सिमेंट ब्लॉकचं तर आणखी वाईट. त्याची भोकं उभी ठेवून भार घ्यायला तो बनवलेला असतो, आणि घरी लोक तो आडवा टाकतात, म्हणजे वजन येतं ते मधल्या पातळ भिंतींवर. भाच्याने बघून ठेवलेले ब्लॉक होते पांढरे, हलके, हवा भरलेले. ते साध्या हातकरवतीने कापले जातात. अशा ब्लॉकवर तो छातीवर गाडी घेऊन झोपणार होता, हे मला अजूनही सहन होत नाही.

आणि "आम्ही दहा वेळा विटांवर केलंय" असं ज्यांनी ग्रुपवर लिहिलं, त्यांना एवढंच सांगतो: दहा वेळा वीट फुटली नाही याने अकरावी वीट मजबूत होत नाही.

लाकडाचं मात्र मान्य करतो. अपघातातल्या गाडीखाली माणूस अडकला की बचाव पथकं जाड लाकडी ठोकळे आडवे-उभे रचून टेकू देतात. रुंद, कोरड्या, चांगल्या लाकडाचे ठोकळे असे नीट रचले तर ते टिकतात. पण सुताराकडची उरलेली फळकुटं एकावर एक ठेवणं म्हणजे ते नव्हे.

"हँडब्रेक ओढा, गिअर टाका, गाडी जागची हलत नाही."

हे अर्धंच खरं आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो आणि गिअर पुढच्या चाकांना धरतो. मागची बाजू उचलली की हँडब्रेक हवेत गेला. पुढची दोन्ही चाकं उचलली की गिअर हवेत गेला. पुढचं एकच चाक उचललं तरी गिअरचा भरवसा नाही, कारण डिफरन्शियलमुळे, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीमुळे, उचललेलं चाक मोकळं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक गाडीला पुढेमागे जाऊ देतं. गिअर टाकलेली गाडी सरकली कशी, असं मग लोक विचारतात. ती अशी सरकते. म्हणून जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून दगड किंवा लाकडी पाचर हवीच.

त्यात सोसायट्यांची पार्किंग. पाणी वाहून जावं म्हणून उतार ठेवलेला असतो, तो डोळ्याला जाणवत नाही. खाली पेव्हर ब्लॉक, त्यातले दोन-चार हलणारे. चाकांवर सरकणाऱ्या ट्रॉली जॅकचा हात वर जाताना सरळ जात नाही, कमानीत जातो, त्यामुळे जॅकला थोडं पुढे सरकावं लागतं. त्याची चाकं पेव्हरच्या फटीत अडकली की जॅकऐवजी त्याच्या टोकाची, गाडीला टेकलेली वाटी गाडीखाली सरकते. बाहेर डांबरावर काम करणार असाल तर एप्रिल-मेच्या दुपारी स्टँडचे पाय डांबरात रुततात, विदर्भातल्या लोकांना हे सांगायला नको. खाली जाड प्लायवूडचा चौकोन टाकला तर हा प्रश्न बराच सुटतो.

"पडलीच तर छोटी गाडी आहे, चार माणसं उचलतील."

स्विफ्ट चारही चाकांवर उभी असताना पोटाखाली १६३ मिलिमीटर जागा असते. उताण्या झोपलेल्या मोठ्या माणसाची छाती त्याहून उंच असते. चाक काढलेलं असेल तर तेवढीही जागा उरत नाही. अशा वेळी हाड मोडलं नाही तरी माणूस जातो, कारण छाती फुगूच शकत नाही. श्वास नाही म्हणजे ओरडणंही नाही. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-सहा मिनिटांत कायमची इजा व्हायला लागते. रविवारी दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले असताना, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये ती चार माणसं किती वेळात येतील?

"काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवा."

हा सल्ला बरोबर आहे, आणि बाकी मेसेजवर माझा कितीही राग असला तरी तो मी स्वतः पाळतो. स्टेपनी किंवा काढलेलं चाक दाराखालच्या कडेच्या आत आडवं टाकून ठेवावं. पण ते स्टँडच्या जोडीला, स्टँडच्या ऐवजी नाही.

"अमेरिकेत जॅक स्टँडच तुटले, कंपनीला परत घ्यावे लागले."

घडलंय हे. २०२० मध्ये हार्बर फ्रेट या अमेरिकी कंपनीने पिट्सबर्ग छापाचे तीन आणि सहा टनी स्टँड परत मागवले, सुमारे १७ लाख. साचे झिजल्यामुळे स्टँडची उंची धरणारी दातांची पट्टी आणि तिला अडवणारा खटका नीट जुळत नव्हते आणि भार हलला तर स्टँड खाली बसू शकत होता. बदली म्हणून दिलेल्या काही तीन टनी स्टँडच्या वेल्डिंगमध्येही नंतर दोष निघाला. पण यावरून 'म्हणून नुसत्या जॅकवर काम करा' हे कुठून आलं? ज्या वस्तूवर माणसाचा जीव असतो तिचा दोष सापडला म्हणून लाखो नग परत घेतले गेले. विटेसाठी असं कोणी करणार नाही. यातून घ्यायचं ते एवढंच की दातांच्या स्टँडला आडवी आरपार जाणारी खीळही असावी, किंवा सरळ खिळीचाच स्टँड घ्यावा. लेबलवरचं वजन एका स्टँडचं आहे की जोडीचं तेही वाचा, अनेकदा ते जोडीचं असतं.

पंक्चरवाला रोज नुसत्या जॅकवर गाडी उचलतो, हा सातवा मुद्दा. तो गाडीच्या बाजूला बसतो, खाली झोपत नाही. विषय संपला.

भाच्याला मी रविवारी घरी बोलावलं आणि माझे स्टँड दिले. चांगली जोडी दोन-चार हजारांत येते, आणि जन्मभर पुरते. तेही नको असेल तर जुन्या सर्व्हिसिंग सेंटरवर सिमेंटचा रॅम्प असतो, गाडी त्यावर चढवा, उचलायचा प्रश्नच येत नाही. घरी करायचंच असेल तर जमीन सपाट बघा, चाकांना दगड लावा, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावा, स्टँड सरकवा, गाडी सावकाश त्यांच्यावर उतरवा. जॅक काढून टाकू नका, नुसता टेकलेला राहू द्या. मग उभं राहून गाडीला दोन्ही हातांनी सगळ्या बाजूंनी जोरात ढकला. हलायची असेल तर ती तेव्हाच हलू दे, तुम्ही बाहेर असताना. खाली शिरताना डोकं आणि छाती जेवढी बाहेर ठेवता येईल तेवढी ठेवा.

आणि एकटे असताना हे करू नका. घरातलं कोणीतरी तिथे थांबलेलं असावं, आणि त्याला दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. गाडी बसलीच तर अडकलेल्याला ओढायचं नाही, टेकलेल्या जॅकने किंवा दुसऱ्या जॅकने गाडी उचलायची. आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी हाक मारून १०८ ला फोन करायला लावायचा.