वर्षअखेरीचा ताण हा तुमचा दोष नाही: एका मेसेजला उत्तर

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक मेसेज हमखास येतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो. 'सुट्टीचा ताण हा निव्वळ मनाचा खेळ आहे. आनंदी राहायचं की नाही हे तुमच्याच हातात आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री एकटे बसा, सगळं वर्ष आठवा आणि हिशेब मांडा. वाईट ते पुसून टाका, फक्त सकारात्मक विचार करा. १ जानेवारीला संकल्प करा, २१ दिवस पाळा, आयुष्य बदलेल. आणि या दिवसांत कुणाला एकटं सोडू नका, कारण वर्षातल्या सर्वांत जास्त आत्महत्या याच सुट्ट्यांत होतात.'

पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. बहुतेकजण तो मायेनेच पाठवतात. पण ज्याला हे दिवस जड जातात त्याला हा मेसेज सांगतो की चूक तुझ्यातच आहे. हे खरं नाही, आणि आधीच दमलेल्या माणसाच्या डोक्यावर ते आणखी एक ओझं ठेवतं. म्हणून त्यातलं एकेक विधान तपासायला हवं.

'सुट्टीचा ताण हा निव्वळ मनाचा खेळ आहे'

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांची एक यादी प्रसिद्ध केली. घटना घडल्यावर माणसाला आपली घडी किती बदलावी लागते, त्यानुसार तिला गुण दिलेले होते. जोडीदाराच्या मृत्यूला १००, घटस्फोटाला ७३, लग्नाला ५०. याच यादीत, बरीच खाली, सुट्टीवर जाणंही आहे. त्याला १३ गुण आहेत. नाताळला १२ आणि कुटुंबाच्या एकत्र जमण्यात फरक पडला तर १५. लग्न आणि सुट्टी यांचा समावेश विचारपूर्वक केलेला होता. बदल हवासा असो की नकोसा, त्याच्याशी जुळवून घ्यायला शक्ती खर्च होते, असं त्यांचं म्हणणं होतं. नकोशा बदलांचा त्रास जास्त होतो हे पुढच्या अभ्यासांतून दिसलं. पण सुट्टीही अंगावर येऊ शकते, हे तज्ज्ञांनी अर्ध्या शतकापूर्वीच नोंदवून ठेवलेलं आहे.

वर्षअखेरीला नेमकं काय घडतं ते पाहा. ऑफिसातली कामं ३१ तारखेच्या आत संपवायची असतात. प्रवास, पाहुणे, जागरणं आणि नेहमीपेक्षा जास्त खर्च हे सगळं एकाच पंधरवड्यात येतं. वर्षभर ज्यांच्याशी जेमतेम बोलणं होतं ती माणसं एका खोलीत बसतात आणि जुने विषय निघतात. यातलं काहीही मनाने रचलेलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फारच कमी बोललं जातं. सुट्टी घरातल्या सगळ्यांची असते, पण ती घडवून आणण्याचं काम बहुधा एकाच माणसाच्या डोक्यात चालू असतं. कोण कधी येणार, कोण कुठे झोपणार, कुणाचं औषध कधी संपणार, कुणाला काय आवडत नाही. बाकीचे मदत करतात, पण सांगितल्यावर. लक्षात ठेवण्याचं काम मात्र त्या एकाच माणसाकडे राहतं. झाबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ साली विश्रांतीचे चार घटक मांडले: कामापासून मन सुटणं, शरीर-मन सैलावणं, काही नवं शिकून जमल्याचं समाधान, आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणं. जिच्या डोक्यात सगळ्या घराची यादी चालू आहे, तिला यातलं पहिलं आणि शेवटचं सुट्टीभर मिळत नाही. तिला 'दृष्टिकोन बदल' म्हणणं हा सरळसरळ अन्याय आहे.

यावर उपाय हवा तो कामाच्या वाटपाचा. एखादं काम द्यायचं तर अख्खं द्यावं, म्हणजे ते आठवणीत ठेवण्याची जबाबदारीही त्याच्यासोबत जायला हवी. खर्चाचा आकडा खरेदीच्या आधी सगळ्यांसमोर ठरावा. कुणाकडे जायचं असेल तर येण्याच्या वेळेबरोबर निघण्याची वेळही आधीच कळवावी. म्हणजे निघताना कुणाला राग आल्यासारखं वाटत नाही. आणि निदान एक अर्धा दिवस असा असावा, ज्यावर कुणाचाच हक्क नाही.

शरीराचंही ऐकायला हवं. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींमधल्या १९९८ ते २०१३ या काळातल्या २,८३,०१४ हृदयविकाराच्या झटक्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. नाताळच्या सुट्टीत झटक्यांचं प्रमाण इतर काळाच्या तुलनेत सुमारे १५ टक्के जास्त होतं आणि २४ डिसेंबरला तर ३७ टक्के. वाढ ठळक दिसली ती पंचाहत्तरीपुढच्या आणि मधुमेह किंवा आधीचा हृदयविकार असलेल्या माणसांत. हे केवळ ताणामुळे झालं असं या अभ्यासातून सिद्ध होत नाही. खाणंपिणं, दगदग, झोप अशी कारणं एकमेकांत मिसळलेली असतात. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाने छातीत दुखतंय म्हटलं, तर 'सगळे जमलेत, उद्या पाहू' हे उत्तर कधीही देऊ नये.

'३१ डिसेंबरच्या रात्री सगळं वर्ष आठवा आणि हिशेब मांडा'

मागे वळून पाहण्याला माझा विरोध नाही, उलट ती फार मोलाची सवय आहे असं मी मानतो. विरोध आहे तो या वेळेला आणि या पद्धतीला.

स्मरणशक्ती वर्षाची सरासरी काढत नाही. डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग केला. लोकांनी एकदा हात १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद धरला. दुसऱ्यांदा तसाच ६० सेकंद धरला आणि वर आणखी ३० सेकंद, पण या जादा वेळात पाणी हळूहळू अंशभर कोमट केलं. यातलं काय पुन्हा कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, जास्त वेळाचा त्रास निवडला, कारण त्याचा शेवट जरा सुसह्य होता. आठवणीत टिकतात ते तीव्र क्षण आणि शेवट. किती काळ सोसलं याला फारशी किंमत राहत नाही. हे वर्षाला लावून पाहा. डिसेंबर वाईट गेला असेल तर अख्खं वर्ष वाईट गेल्यासारखं वाटेल. मार्चमध्ये निभावलेलं अवघड काम, जूनमध्ये जुळलेली मैत्री, बरं झालेलं दुखणं, यातलं काही आपणहून समोर येणार नाही. त्यातून खिन्न मनाला खिन्न आठवणी लवकर सापडतात. म्हणजे दमलेल्या अवस्थेत, जागरणाच्या रात्री, एकट्याने मांडलेला हिशेब तोट्याचाच निघणार, हे जवळजवळ ठरलेलं आहे.

दुसरा धोका याहून मोठा आहे. विचार करणं आणि तेच तेच उगाळत बसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सुझन नोलेन-होक्सेमा यांनी आपलं बरंच संशोधन या उगाळण्यावर केलं. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. त्याच्या दोन आठवडे आधी योगायोगाने त्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि दुःखात असताना वागण्याची पद्धत नोंदवून ठेवलेली होती. ज्यांना आधीपासून दुःख उगाळत बसायची सवय होती, त्यांच्यात भूकंपानंतर १० दिवसांनी आणि ७ आठवड्यांनीही नैराश्याची लक्षणं जास्त आढळली. 'माझ्याच बाबतीत असं का होतं?' हा प्रश्न रात्री बाराला विचारला की त्याला उत्तर मिळत नाही, तोच प्रश्न पुन्हा येतो.

मग हिशेब करायचा कसा? आधी तारीख सोडून द्यावी. जानेवारीचा दुसरा आठवडा चालेल, फेब्रुवारीही चालेल. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायद्याने वर्षच २५ मार्चला सुरू होत असे, तेव्हा ३१ डिसेंबरच्या रात्रीला एवढं पवित्र मानण्याचं कारण नाही. दिवसा बसावं, झोप झालेली असताना. आठवणीवर भिस्त ठेवू नये. फोनमधले फोटो, कॅलेंडर, बँकेच्या नोंदी, पाठवलेले मेसेज महिन्यांच्या क्रमाने पाहत जावं. दर महिन्याला दोन-तीन ओळी पुरतात: काय घडलं, मी काय केलं, कोण सोबत होतं. 'मी कसा माणूस आहे' हा निवाडा करायला बसू नये. जिथे मन अडकतं त्या प्रसंगाकडे, तो एखाद्या मित्रावर आला असता तर आपण त्याला काय म्हटलं असतं, अशा अंतरावरून पाहावं. ईथन क्रॉस आणि ओझलेम आयडुक यांच्या संशोधनात असं अंतर ठेवून पाहणाऱ्यांना तोच प्रसंग आठवताना कमी जळजळ झाली आणि त्यातून अर्थ लावणं सोपं गेलं.

ज्याला मागे पाहण्याची ताकदच या वर्षी नाही, त्याने पाहू नये. तेही चालतं.

'वाईट ते पुसून टाका, फक्त सकारात्मक विचार करा'

मन पाटीसारखं पुसता येत नाही. डॅनियल वेगनर यांनी १९८७ साली लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. पुढे त्याच लोकांना अस्वलाचा खुशाल विचार करा म्हटल्यावर, आधी मनाई नसलेल्यांपेक्षाही त्यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं. दडपलेला विचार जास्त जोराने परततो.

याउलट जेम्स पेनेबेकर आणि सॅन्ड्रा बील यांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशकारक अनुभवाविषयी लिहायला लावलं. ज्यांनी घटनेसोबत भावनाही लिहिल्या, ते लिहून झाल्यावर अस्वस्थ होते, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या शेकडो अभ्यासांतून हा परिणाम लहान असल्याचं दिसलं, आणि ताज्या आघातानंतर लगेच लिहायची सक्ती कुणावर करू नये. पण वाईट गोष्ट शब्दांत मांडल्याने ती वाढते, या भीतीला आधार नाही.

या मेसेजचा सर्वांत जास्त राग मला येतो तो शोकात असलेल्या माणसासाठी. घरातलं माणूस गेल्यानंतरची पहिली सुट्टी, पहिलं नवं वर्ष. त्याने काय पुसायचं? मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ साली मांडल्याप्रमाणे शोकातलं माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतं. कधी ते हरवलेल्या माणसाकडे वळतं, कधी उरलेल्या संसाराकडे, आणि ही ये-जा निरोगी असते. त्यामुळे त्याने दुपारी सगळ्यांसोबत हसणं आणि संध्याकाळी खोलीत जाऊन रडणं, यात विसंगती नाही. आपण करायचं ते इतकंच की गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला कचरू नये. 'यंदा यायचं की नाही ते ऐनवेळी ठरव, आम्ही वाईट वाटून घेणार नाही,' एवढं म्हटलं तरी त्याला केवढी मोकळीक मिळते.

'संकल्प २१ दिवस पाळा, आयुष्य बदलेल'

हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला 'किमान' पुढे गळून पडला. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं. माणसामाणसांत हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं, आणि मला ते सरासरीइतकंच महत्त्वाचं वाटतं. बाविसाव्या दिवशी अजून कंटाळा येतो म्हणून किती जणांनी स्वतःला आळशी ठरवलं असेल!

म्हणून संकल्प फोल असतात असंही नाही. जॉन नॉरक्रॉस यांच्या २००२ सालच्या अभ्यासात संकल्प केलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांनी सहा महिन्यांनंतरही तो टिकल्याचं सांगितलं. तोच बदल हवा असूनही संकल्प न केलेल्यांत हे प्रमाण ४ टक्के होतं. नव्या वर्षाची उभारी खरी असते. फक्त ती सोमवारीही मिळते, वाढदिवसालाही मिळते.

'सर्वांत जास्त आत्महत्या याच सुट्ट्यांत होतात'

हे साफ चूक आहे. अमेरिकेत, जिथून ही समजूत जगभर पसरली, तिथल्या अधिकृत आकडेवारीत डिसेंबर हा सहसा वर्षातल्या सर्वांत कमी आत्महत्यांच्या महिन्यांपैकी एक असतो. आत्महत्या वाढतात त्या वसंतात आणि उन्हाळ्यात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं ॲनेनबर्ग केंद्र ही चुकीची समजूत वर्तमानपत्रांतून कशी फिरते याचा मागोवा दोन दशकांहून अधिक काळ घेत आहे. जानेवारीतला एक सोमवार 'वर्षातला सर्वांत उदास दिवस' असतो, ही समजूतही अशीच. तो दिवस काढण्याचं सूत्र २००५ साली प्रवासविषयक एका टीव्ही वाहिनीच्या प्रसिद्धिपत्रकातून आलं, ते संशोधन नव्हे.

चुकीचा आकडा पसरवल्याने दुहेरी नुकसान होतं. खचलेल्या माणसाला वाटतं की या दिवसांत असं करणं जणू स्वाभाविकच आहे. आणि सुट्ट्या संपल्या की आपण लक्ष काढून घेतो, जेव्हा लक्ष द्यायचे महिने अजून यायचे असतात. म्हणून एकट्या माणसाला फोन जरूर करा, आणि तो मार्चमध्ये, मेमध्येही करा. मनात शंका आलीच तर सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' असं विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, हाताशी धोकादायक वस्तू असतील तर त्या दूर करा आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे न्या किंवा आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनला फोन करा. स्वतःच्या बाबतीत, उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे जवळजवळ रोज टिकलं, झोप-भूक-काम बिघडलं, तर वर्षअखेर आहे म्हणून वाट पाहू नका. हा आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत, आणि ते घ्यायला सुट्ट्या संपण्याची गरज नाही.