गिझर फेकायच्या आधी तो उघडून तरी बघा

थंडी सुरू झाली की आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो. "गिझर गेला, कुठला नवीन घेऊ?" आणि लगेच खाली ब्रँडची रांग लागते, ह्याचा घ्या, त्याचा नको, आमच्या मेव्हण्याकडं अमुक आहे, कधी हात लावावा लागला नाही. पण गेला म्हणजे नक्की काय गेलं हे कुणी विचारतच नाही. पाणी तापवणारी कॉईल गेली, ठरलेल्या तापमानाला ती बंद करणारा थर्मोस्टॅट गेला, नुसता कटआउट (पाणी फार तापलं तर वीज तोडणारा स्विच) पडलाय की टाकीच गळतेय? ह्यांचा खर्च काही शे रुपयांपासून आठ-दहा हजारांपर्यंत कुठंही जाऊ शकतो आणि आपण सरळ शेवटच्यावर उडी मारतो. म्हणून आज सविस्तर लिहिते, पोस्ट मोठी आहे, आधीच सांगून ठेवते.

माझं मत काय ते पहिलंच सांगते. टाकी शाबूत असेल तर गिझर दुरुस्त करायचा, टाकी गळली तर एक रुपयाही घालायचा नाही. आणि ह्या दोन्हीच्या आधी, वर्षातनं एकदा तो उघडून साफ करायचा, निदान आमच्यासारख्या बोअरवाल्यांनी तरी.

कोल्हापुरात पाणी जड, म्हणजे क्षाराचं आहे म्हटलं की पेठेतले लोक हसतात. साहजिक आहे, त्यांच्याकडं नदीचं पाणी, आणि २०२३ च्या दिवाळीपासून काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं कौतुक वेगळंच. धरणाचं पाणी हलकं असतं, त्याबद्दल वाद नाही. पण आम्ही राहतो पाचगावकडं, आणि इकडं काय किंवा उचगाव-मोरेवाडीकडं काय, कितीतरी अपार्टमेंटमध्ये नळाचं पुरत नाही म्हणून बोअर मारलेलं असतं आणि दोन्ही पाणी एकाच टाकीत पडतं. उन्हाळ्यात तर बोअरवरच मदार. खाली सगळा काळा पाषाण, त्याच्या भेगांतनं मुरत मुरत आलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळून येतं. ज्यांच्या बादलीला कडेनं पांढरी रेघ आहे, शॉवरच्या जाळीची अर्धी भोकं बुजलीत, डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊन पण दाताखाली येते, त्यांच्यासाठी ही पोस्ट आहे. बाकीच्यांनी स्क्रोल केलं तरी चालेल.

पिण्याच्या पाण्याचं आपलं जे मानक आहे, आयएस १०५००, त्यात हार्डनेस, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असं आहे. म्हणजे ४००-५०० वालं पाणी कागदावर "चालतं". आपल्या पोटाला चालत असेल, गिझरला नाही चालत. नुसता हिशोब करून बघा. ३०० हार्डनेस धरा आणि घरात रोज १०० लिटर गरम पाणी लागतं असं धरा, तर गिझरमधनं रोज ३० ग्रॅम क्षार जातात, वर्षाला जवळजवळ ११ किलो. सगळे काही आत बसत नाहीत, बरेचसे पाण्याबरोबर बादलीत येतात, पण त्यातला थोडा हिस्सा जरी आत राहिला तरी विचार करा टाकीत काय साचत असेल. आणि हो, आरओवाला माणूस ते पेन बुडवून आकडा दाखवतो तो टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा असतो, हार्डनेसचा नाही. टीडीएसमध्ये साधं मीठसुद्धा मोजलं जातं. हार्डनेस कळायला वेगळी टेस्ट लागते, सरकारी लॅबमध्ये थोडक्या पैशात होते, सोसायटीनं एकदा करून घ्यावी असं मी प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणते आणि प्रत्येक मीटिंगमध्ये विषय पार्किंगवर जातो.

आत होतं काय, तर थंड पाण्यात हे कॅल्शियम बायकार्बोनेट म्हणून गुपचूप विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपली चुनखडीच, बाहेर पडते. ती कुठं बसणार? जिथं सगळ्यात जास्त तापतंय तिथं, म्हणजे कॉईलवर. पाणी जितकं जास्त तापवाल तितकी जास्त बसते, ६० अंशांच्या वर गेलं की वेग चांगलाच वाढतो. आणि आपल्याकडं काय करतात, नॉब पूर्ण फिरवून ठेवायचा, ७५ ला पाणी उकळल्यासारखं करायचं आणि मग बादलीत अर्धं थंड ओतायचं. अहो कशाला? ५५-६० वर ठेवा, आंघोळीला भरपूर होतं.

आता एक गोष्ट सांगते जी ऐकून आमच्या घरातपण वाद झाला. क्षार बसले की लाईट बिल डबल येतं असं जे सगळे सांगतात ना, ते स्टोरेज गिझरला, म्हणजे आपल्या नेहमीच्या टाकीवाल्याला, फारसं लागू नाही. कॉईल पाण्याच्या आतच बुडालेली आहे, तिची उष्णता जाऊन जाऊन जाणार कुठं, पाण्यातच. १५ लिटर पाणी २५ वरनं ६० ला न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं, कॉईल चकचकीत असो की पांढरी फटक. खरं नुकसान कॉईलचं होतं. तिच्या अंगावर जाड थर बसला की उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही, ती आतल्या आत जास्त तापते, वरची नळी तडकते, तडकली की पाणी आत शिरतं आणि मग एकतर आरसीसीबी (वीज गळायला लागली की सप्लाय तोडणारा स्विच) उडतो नाहीतर, ज्यांच्याकडं आरसीसीबी नाही आणि अर्थिंगपण देवाच्या भरवशावर आहे, त्यांना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. असं झालं तर आंघोळ राहू दे, आधी मेन बंद करा.

दुसरं लक्षण जे लोकांना कळत नाही ते असं, की गिझर लावल्यावर पाच मिनिटांत त्याच्यावरचा लाईट बंद होतो आणि पाणी कोमटच. लगेच निदान, थर्मोस्टॅट गेला. बऱ्याचदा थर्मोस्टॅट ठणठणीत असतो. त्याची नळी आणि कॉईल एकाच फ्लँजवर, म्हणजे टाकीच्या बोल्टवाल्या झाकणावर, शेजारी शेजारी असतात, मधली जागा क्षारांनी भरून गेली की कॉईलची धग सरळ त्याला लागते आणि त्याला वाटतं पाणी तापलं, तो बंद करून मोकळा. साफ केलं की चालू. नवीन थर्मोस्टॅट बसवून पण तेच होणार, कारण दगड तिथंच आहे.

आमचा मागच्या हिवाळ्यात बंद पडला तेव्हा आधी सर्व्हिसवाला पोरगा आला. मी बोलवलेलं, मी शेजारी उभी, प्रश्न मी विचारतेय, आणि तो बोलतोय सगळं ह्यांच्याशी. हे माझ्याकडं बघतायत. "साहेब, कॉईल गेलीया. कॉईल बसंल, खरं टाकीत क्षार लई झाल्यात, आता ह्याला खर्च नका करू, नवीनच घ्या, एक्सचेंज ऑफर हाय." मी म्हटलं टाकी गळतेय का? नाही. उघडून बघितलीस का? नाही. मग क्षार लई झालेत हे कसं कळलं तुला? गप्प. त्याचा तरी काय दोष म्हणा, दिवसाला इतके कॉल करायचे आणि वर नवीन मशीन विकायचं टार्गेट, एक गिझर भिंतीवरनं उतरवून साफ करत बसला तर त्याचा दिवस जातो.

मग उद्यमनगरातल्या ओळखीनं एक वयस्कर मामा आले. त्यांनी आधी एमसीबी पाडला, पाणी सोडलं, गिझर खाली घेतला आणि फ्लँज उघडला, तर आतनं ज्वारीच्या कण्यांसारखे पांढरे खडे घमेलंभर निघाले. पोरं बघायला जमली. कॉईल खरंच गेलेली होती, पण मामांनी बॅटरी मारून टाकी आतनं नीट बघितली आणि म्हणाले, "वहिनी, टाकी एक नंबर हाय बगा. कॉईल, गॅस्केट आणि रॉड बदलू, पळंल अजून." सगळं मिळून नव्या गिझरच्या किमतीचा चौथा हिस्सापण झाला नाही.

रॉड म्हणजे ॲनोड रॉड, आणि ह्याबद्दल मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण गिझर विकत घेताना दुकानात कुणी त्याचं नावसुद्धा काढत नाही. मॅग्नेशियमची एक कांडी असते टाकीत, तिचं कामच झिजणं हे आहे. पाणी लोखंडाला खायच्या ऐवजी तिला खातं. टाकीला आतनं काचेसारखं कोटिंग असलं तरी त्याला सुईच्या टोकाएवढी भोकं असतातच, जोडाच्या कडेला तर जास्तच. कांडी आहे तोवर ती भोकं सुरक्षित, कांडी संपून नुसती तार राहिली की गंज टाकीला लागायला सुरुवात. आणि टाकी एकदा गंजून गळली की तिला वेल्डिंग करून काही उपयोग नाही, कोटिंग जळतं, सहा महिन्यांत शेजारीच दुसरं भोक. वॉरंटी कार्डावर मोठ्या अक्षरात टाकी ५ वर्षं, ७ वर्षं लिहिलेलं असतं ना, ते कार्ड उलटून बारीक अक्षरातलं वाचा. बऱ्याच कार्डांत क्षाराच्या पाण्यानं झालेलं नुकसान वगळलेलं असतं, काहींत ॲनोड वेळेवर बदलला असेल तरच अशी अट असते. काही शे रुपयांची कांडी आहे ओ ती. आमच्यासारख्या पाण्यात दर वर्षी बघायची आणि झिजली असेल तर बदलायची.

माझ्या आजीकडं शिवाजी पेठेत तांब्याचा बंब होता. दिवाळीच्या आधी तो अंगणात काढून चिंच लावून घासायचा हे आम्हा पोरींचं काम, आणि वरचं झाकण काढून आत हात घालून खरवडायचा हे आजीचं. बंब उघडा होता म्हणून दिसत होतं, दिसत होतं म्हणून घासलं जात होतं. गिझर पांढरा गुळगुळीत डबा, वर छताला टांगलेला, आत काय चाललंय कुणाला पत्ता नाही.

साफ करताना एकच विनंती. काही लोक फरशी धुवायचं ॲसिड टाकीत ओततात, पाच मिनिटांत फेस येऊन सगळं स्वच्छ. कॉईलच्या तांब्याला आणि स्टीलच्या टाकीला ते खातं, वर बंद बाथरूममध्ये त्याचा वास छातीत जातो. लिंबूसत्व कोमट पाण्यात घालून कॉईल भिजत ठेवा, वेळ लागतो पण काम चोख होतं. आणि कोटिंगवाल्या टाकीत स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नका, कोटिंगचा टवका उडाला की संपलं.

आता जरा गंभीर. कटआउट सारखा पडतोय म्हणून "डायरेक्ट करून देतो", म्हणजे कटआउट वगळून वायर सरळ जोडतो, म्हणणारे मेकॅनिक आहेत. त्यांना घरातनं बाहेर काढा, शब्दशः. पाणी प्रमाणाबाहेर तापलं तर वीज तोडणारी तीच शेवटची वस्तू असते. त्यानंतर उरतो फक्त खालचा सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि क्षाराच्या पाण्यात तो व्हॉल्व्हपण चुन्यानं जाम होतो. थर्मोस्टॅट चिकटलेला, कटआउट डायरेक्ट आणि व्हॉल्व्ह जाम, असे तिन्ही जुळून आले की टाकी फुटते. व्हॉल्व्हचा छोटा खटका अधूनमधून उचलून बघा, पाणी येतंय का. त्यातनं थेंब थेंब पाणी पडतं म्हणून काहीजण त्याला बूच मारतात, कृपा करून तसलं काही करू नका, तो थेंब पडायलाच तो बसवलाय.

नवीन घ्यायचाच झाला तर पाच स्टारच्या मागं फार लागू नका. ते स्टार गरम पाणी तसंच ठेवलं तर किती उष्णता वाया जाते ह्यावर मिळतात. आपण सकाळी अर्धा तास लावून आंघोळी झाल्या की बंद करणारी माणसं, आपल्याला त्यातनं फारसं काही सुटत नाही. ज्यांच्याकडं दिवसभर चालू असतो त्यांचं वेगळं. आणि क्षाराच्या पाण्याला ३ लिटरचा इन्स्टंट घेऊ नका, छोट्या टाकीत मोठी कॉईल, लवकर चोंदतो. गॅस गिझर तर बंद बाथरूममध्ये नकोच नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सॉफ्टनरबद्दल, म्हणजे पाणी मऊ करायच्या यंत्राबद्दल, इनबॉक्समध्ये विचारतील म्हणून इथंच. मिठाचा, रेझिनवाला सॉफ्टनर खरंच काम करतो, पण तो सोसायटीच्या टाकीवर बसवला तर परवडतो, मीठ वेळेवर घालायला माणूस पाहिजे, आणि तो बसवला म्हणून ॲनोड विसरायचा नाही, मऊ पाण्यात कांडी उलट लवकर संपते. पाइपला लावायचं चुंबक मिळतं ते मला पटलेलं नाही, कॅल्शियम पाण्यात जेवढं होतं तेवढंच राहतं. गिझरच्या आधी लावायचे ते गोळ्यांचे फिल्टर थोडा फरक पाडतात, पण पाणी फार तापवलं तर त्यांचाही प्रभाव जातो, म्हणजे परत तेच, नॉब खाली ठेवा.

कमेंटमध्ये ब्रँड विचारू नका, मी सांगणार नाही. दुकानात जाऊन एवढं विचारा, टाकी कशाची, ॲनोड बदलायला किती उघडावं लागतं आणि कॉईल आपल्या लक्ष्मीपुरीत मिळते की पुण्याहून मागवावी लागते. आणि मामांचा नंबर मागणाऱ्यांना, ते मोबाईल उचलत नाहीत, सकाळी दहाच्या आत गाठावं लागतं, पत्ता बिल्डिंगवाल्यांनी घरी येऊन विचारा.