रबरी रिंगेची चाकरी

समुद्राखाली फोटो काढण्याच्या छंदात कॅमेरा घेईपर्यंत सगळं सुरळीत चालतं. ईएमआय असतो, दिवाळीचा बोनस असतो, ‘मुलांचेही फोटो निघतील’ असं घरात सांगता येतं. घोडं अडतं ते हाउसिंगपाशी. कॅमेरा आत आणि अरबी समुद्र बाहेर, एवढंच काम करणारी ही पेटी. ती बारशाला उपयोगी नाही, सहलीला उपयोगी नाही, आणि तिची किंमत ऐकली की बायको शांतपणे विचारते, “एवढ्यात अजून एक कॅमेरा आला नसता?”

आला असता. कधी कधी दोन आले असते, आणि वर बॅगही. पण हे नवऱ्याने कबूल करायचं नसतं.

या बाजारात सगळ्यात खालच्या पायरीवर असते ती प्लास्टिकची पारदर्शक पिशवी. गळ्यात घालायला दोरी, वर दोन खटके, चारपाचशे रुपये. धबधबा, रंगपंचमी आणि जुलैतली लोकल यांच्यासाठी उत्तम वस्तू. पण पाण्यात दहा मीटर खाली गेलं की एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो. हा दाब पिशवीचं प्लास्टिक फोनच्या पडद्यावर चेपून बसवतो. फोनला वाटतं कुणीतरी बोट लावलं. माझ्या मेव्हण्याचा फोन तारकर्लीच्या पाण्यात स्वतःहून कॅल्क्युलेटर उघडून बसला होता. समोरून सुंदर पट्टेरी मासे चाललेले, आणि हा आपला आठाने भागतोय.

“पण काका, हल्लीचे फोन वॉटरप्रूफच असतात की,” असं दुकानातला मुलगा सांगतो. असतात. धूळ-पाण्याला दाद न देण्याचा दर्जा म्हणून आयपी ६८ लिहिलेलं असतं. मात्र ही चाचणी गोड्या, शांत पाण्यात, मोजक्या मीटरांवर आणि मोजक्या मिनिटांपुरती झालेली असते. खाऱ्या पाण्याला तिचा काही धरबंध नाही. वॉरंटी कार्डावरची बारीक अक्षरं वाचली तर फोनवर चहा सांडण्याचीही भीती वाटायला लागते.

त्यावरची पायरी म्हणजे धावतापळता व्हिडिओ काढायचा छोटा ॲक्शन कॅमेरा. गोप्रो हिरो ५ पासूनच्या बहुतेक हिरो गोप्रोंना दहा मीटरपर्यंत पेटी लागत नाही, आणि वेगळी पेटी घातली की ते ६० मीटरपर्यंत जातात. पेटी हातात मावते, खिशालाही फार ओरखडा नाही. गटातल्या सगळ्यांचे हात हलवतानाचे व्हिडिओ काढायचे असतील तर याच्यासारखं दुसरं काही नाही. पण त्याची काच इतकी रुंद बघते की हातभर अंतरावरचा गोबरा मासा फोटोत मुगाच्या दाण्याएवढा येतो. मी तो फोटो मोठा करून करून आमच्या बोटवाल्याला दाखवला. त्याने डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, “ह्यो गोबरो. तिखला बरा होता हेचा.” तिखला म्हणजे तिखट कालवण. छायाचित्रणावर मला मिळालेली ही पहिली जाणकार प्रतिक्रिया.

मग येतात ते मुळातच पाण्यात चालणारे छोटे कॅमेरे. हौशी मंडळींमध्ये ऑलिंपसच्या (आताच्या ओएम सिस्टिमच्या) टीजी मालिकेचं नाव निघतं ते उगाच नाही. २०१९ साली आलेला टीजी-६ पेटीशिवाय १५ मीटरपर्यंत जातो, आणि काचेपासून एक सेंटीमीटरवरची गोष्ट टिपतो. आता मौज बघा. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचं ‘ओपन वॉटर’ हे प्रमाणपत्र तुम्हाला १८ मीटरपर्यंत जायची मुभा देतं. कॅमेरा १५ वर थांबतो. म्हणजे उरलेल्या तीन मीटरांसाठी पेटी घ्यायची. मीटरमागे किती रुपये पडले हा हिशेब मी एका रात्री केला आणि कागद फाडून टाकला. तिथले दर दादरच्या जागेच्या वर जात होते.

तरीही ती घ्यावी, असंच मी म्हणेन. कॅमेऱ्याची स्वतःची झाकणं हाच त्याचा दुबळा भाग असतो. चार्जिंगसाठी ती रोज उघडायची, वाळूच्या हातांनी लावायची आणि त्यांच्याच भरवशावर समुद्रात उतरायचं. पेटी असली की समुद्राला दोन दारं फोडावी लागतात.

ज्यांच्याकडे आधीच मोठा, काच बदलता येणारा कॅमेरा आहे, त्यांची कथा निराळी. त्यांच्यासाठी एका टोकाला सी-फ्रॉग्जसारख्या चिनी बनावटीच्या पॉलिकार्बोनेटच्या पेट्या. ४० मीटरची हमी, किंमत कॅमेऱ्याहून कमी, बटणं थोडी हट्टी. दुसऱ्या टोकाला नॉटिकॅमसारख्या ॲल्युमिनियमच्या पेट्या. १०० मीटरची हमी आणि किंमत लाखांत. त्या लाखांत पुढची काच धरलेली नसते! ती वेगळी घ्यायची, आणि प्रत्येक लेन्सला निराळी. घर विकताना दरवाजे वेगळे विकण्याची ही रीत आपल्या बिल्डरांना अजून सुचलेली नाही, हे आपलं भाग्य.

समुद्राखालची छायाचित्रकला ज्याच्यापासून सुरू झाली असं मानतात, त्या लुई बुतां या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाला हा खर्च पडला नाही. त्याने १८९३ साली बान्युल्सच्या उपसागरात फोटो काढले, आणि पाणी न शिरणारी पेटी करायला त्याला त्याच्या इंजिनीअर भावाने मदत केली. माझाही धाकटा भाऊ इंजिनीअर आहे. पण तो हिंजवडीत असतो. त्याने मला लिंक पाठवली.

त्या लिंकवरून मागवलेलं पार्सल आधी कुरिअरवाल्यांकडे मुक्कामाला राहिलं. मग फोन आला, “साहेब, कागदावर प्लास्टिक बॉक्स लिहिलंय. प्लास्टिकच्या डब्याचे एवढे पैसे?” पलीकडून थेट माझ्या सासूबाईंचा सूर आला.

पेटी घरात आली की खरी चाकरी सुरू होते. लाखाची असो वा हजाराची, तिचा सगळा डोलारा एका रबरी कड्यावर उभा असतो. ही ओ-रिंग. तिच्यावर एक केस, वाळूचा एक कण, टॉवेलचा एक धागा राहिला की पाण्याला वाट मिळाली. ती खोबणीतून काढायला टाचणी चालत नाही, ओरखडा उठतो. जुनं एटीएम कार्ड लागतं. काढायची, दिव्याखाली धरायची, दोन बोटांतून गोल गोल फिरवत चाचपायची, खोबणी पुसायची आणि मग मुगाएवढं ग्रीस घेऊन चमक येईल इतपतच लावायचं. पुष्कळ लोक ग्रीस थापतात. ग्रीस पाणी अडवत नाही, पाणी अडवते ती रिंग; ग्रीस फक्त तिला नीट बसायला मदत करतं. जास्त लावलं तर त्यालाच केस चिकटतात. आणि ज्या कंपनीची रिंग त्याच कंपनीचं ग्रीस, नाहीतर काही रिंगा फुगून बसतात. हा सोहळा चालू असताना घरात पंखा बंद. मे महिन्यात. मालवणात. हिने एकदा घाम पुसत म्हटलं, “माझ्या नथीला हात लावायच्या आधी कधी असे हात धुतले होते का?”

पहिली परीक्षा कॅमेऱ्याशिवाय घ्यायची असते. पेटीत कोरडा टिश्यू पेपर ठेवायचा, बंद करायची आणि पाण्यात बुडवायची. इथे आर्किमिडीज आडवा येतो. रिकामी पेटी बुडत नाही, बदकासारखी तरंगते. म्हणून तिला जाळीच्या पिशवीत घालून सोबतीला वरवंटा दिला आणि न्हाणीघरातल्या पिंपात सोडली. अर्ध्या तासाने टिश्यू कोरडा निघाला. “पिंपात टिकली म्हणजे समुद्रात टिकेल कशावरून?” हा आईचा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. पण खरा घात उथळ पाण्यातच होतो. खोल गेलं की दाब झाकणाला आणखी घट्ट बसवतो. पंधरा सेंटीमीटर बाय दहाचं झाकण असेल तर दहा मीटरवर त्याच्यावर दीडशे किलो जास्तीचे बसलेले असतात, चाळीस मीटरवर सहाशे. नीट बसलेल्या रिंगेला हे ओझं मदतच करतं. गळती होते ती कमरेएवढ्या पाण्यात, किंवा डुबकीनंतर गोड्या पाण्याच्या टबात, जिथे दहा जणांचे कॅमेरे एकमेकांवर आपटत असतात.

थोडे पैसे उरले, तर ते आतली हवा ओढून गळती दाखवणाऱ्या व्हॅक्यूम पंपावर घालवावेत. हिरवा दिवा लागला की उतरायचं. या छंदात मी केलेल्या खर्चांपैकी झोप देणारा तो एकच.

धुकं हा आणखी एक शत्रू. कोकणातली दमट हवा पेटीत कोंडली, आत कॅमेरा तापला आणि बाहेरून पाण्याने काच गार केली, की काचेला आतून घाम फुटतो. म्हणून पेटी एसीच्या खोलीत बंद करायची आणि आत सिलिका जेलच्या पुड्या सारायच्या. आता नातेवाईकांकडे कुणी नवे बूट घेतले की मी आवर्जून भेटायला जातो.

आणि हे सगळं करून पाण्यात उतरलं की काय होतं? पेटी पारदर्शक, त्यामुळे नजर सतत तिच्या खालच्या कोपऱ्यावर. थेंब आहे का? बुडबुड्यांची माळ निघतेय का? चार सुटे बुडबुडे निघाले तर ते बटणांपाशी अडकलेल्या हवेचे, माळ निघाली तर संपलं. बाजूने लायनफिश पिसारा फुलवून निघून गेला, आणि मी कोपरा बघत होतो. वर आल्यावर बोटवाला म्हणाला, “साहेबांनू, तुमी मासे बघूक इलात काय खोको बघूक?”

फोटोंचं म्हणाल तर पाणी लाल रंग आधी गिळतं. पाचसहा मीटरवरच तो जवळजवळ संपतो. हिच्या सूटवरची लाल पट्टी काळी आली आणि माझा चेहरा हिरवा. कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकल्यावर आत्याने लगेच फोन केला, “अरे, कावीळ तर नाही ना?” फ्लॅश मारला तर मालवणच्या पाण्यातला गाळ उजळून निघाला, आणि त्याच आत्याने विचारलं, “तिकडे बर्फ पडतो?” यावर उपाय म्हणजे बाजूला लांब दांड्यावर लावायचा वेगळा फ्लॅश, म्हणजे स्ट्रोब. त्याची किंमत माझ्या पेटीहून जास्त असते. ती मी घरात अजून सांगितलेली नाही. तूर्त एक साधी टॉर्च बाजूने धरतो आणि माशाच्या जितक्या जवळ जाता येईल तितका जातो. मधलं पाणी कमी झालं की रंगही येतात आणि बर्फही थांबतो. फुकटातला सगळ्यात चांगला उपाय हाच.

पण या पेट्यांचा खरा दुष्टपणा वेगळाच. बहुतेक पेट्या एकाच मॉडेलच्या मापाच्या असतात. कॅमेरा वारला की पेटी विधवा. कंपनी नवं मॉडेल काढते, त्यात एक बटण दोन मिलिमीटर सरकवते, आणि तुमची चांगली धडधाकट पेटी रद्दीत जमा होते. टीजी-६ ची पेटी २०२३ मधल्या टीजी-७ लाही चालते, हे कळल्यावर मी जुन्या बाजारातून जोडी उचलली ती त्याचसाठी. त्याच्या आधीचा माझा छोटा कॅमेरा बंद पडला, तेव्हा त्याची पेटी मी विकायला काढली होती. कुणी विचारलंही नाही. मग ती स्वयंपाकघरात गेली. सध्या तिच्यात हिंग आहे. ४० मीटरपर्यंत. वास अजिबात बाहेर येत नाही, म्हणजे रिंग शाबूत आहे. परवा एका गृहस्थाचा फोन आला, त्यांच्याकडे नेमका तोच कॅमेरा आहे, किंमतही बरी द्यायला तयार आहेत. मी हिला विचारलं. ही म्हणाली, “आणि हिंग कुठे ठेवू?”