तोतरं बोलण्यात विनोद कुठला?

आत्ताच सोसायटीच्या गणपतीतून घरी आले. डोकं अजून तापलेलंच आहे. पोरांचं नाटुकलं होतं. चार पात्रं, त्यातलं एक तोतरं. त्या पात्राला दुसरं कामच नव्हतं. त्याने प-प-प करायचं आणि आपण हसायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगदी गोलमालमधल्यासारखं केलं गं पोराने!"

हो ना. तिथूनच आलंय ते.

२०१० च्या दिवाळीत 'गोलमाल ३' आला. श्रेयस तळपदेचा लक्ष्मण त्यात तोतरा आहे. माझा धाकटा भाऊ तेव्हा नववीत होता आणि लहानपणापासून अडखळत बोलायचा. तोवर वर्गात त्याला कोणी फारसं छळत नव्हतं. सुट्टी संपून शाळा उघडली आणि पोरांच्या हाती आयती नक्कल आली. मग हजेरीला 'हजर' म्हणणंच त्याने सोडलं, नुसता हात वर करायचा. एका सरांनी हात चालणार नाही, तोंडाने बोल, म्हणून त्याला उभं केलं. अख्खा वर्ग त्याच्या 'ह'ची वाट बघत बसला होता. हसायला.

श्रेयस चांगला नट आहे, वाद नाही. मुद्दाम कोणाला दुखवायला कोणी सिनेमा काढत नाही, तेही मान्य. पण "एवढं काय मनाला लावून घ्यायचं" हे वाक्य मला परत कोणी ऐकवू नका. कॉलेजला कोल्हापूरला असताना घरी कराडला यायचं तर भावाच्या तोंडून 'कराड'चा 'क' निघायचा नाही. एसटीत कंडक्टर मशीन धरून खोळंबलेला, आजूबाजूचे वळून बघताहेत. मग हा साताऱ्याचं तिकीट काढायचा आणि कराडला उतरायचा. जादा पैसे भरून! आईला कित्येक महिने पत्ता नव्हता. मनाला लावून घेतलं म्हणे.

लगेच कोणीतरी विचारणार, मग 'अशी ही बनवाबनवी'चं काय? तो तर जीव की प्राण तुमचा. आहेच. १९८८ चा सिनेमा, आजही टीव्हीवर लागला की आमच्याकडे चॅनल बदलायची कोणाची टाप नाही. पण त्यात आपण हसतो कोणाला? पुण्यात खोली मिळत नाही, मालकीणबाईंना जोडपीच हवीत, म्हणून सचिन आणि लक्ष्या साड्या नेसतात. थापा त्यांच्या, निस्तरायच्याही त्यांनीच. 'हा माझा बायको' म्हणताना जीभ धनंजय मानेची घसरते आणि आता हा पकडला जाणार म्हणून आपण फुटतो. साडीतल्या पुरुषाला हसणं तृतीयपंथीयांना टोचू शकतं, असं एका मैत्रिणीने मला सुनावलंय. तिचं अगदीच चूक नाही. बरं.

आणि एक सांगू? माझा भाऊ 'बनवाबनवी'तले ते सगळे संवाद न अडखळता म्हणतो. "धनंजय माने इथेच राहतात का?" पासून सुरू होतो, मग थांबतच नाही. घरच्या कार्यात सगळे त्याला घेरून बसतात. सोंग घेतलं की बोलणं मोकळं होतं, असं अडखळणाऱ्या बऱ्याच जणांचं होतं. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे काही असतं ना, ते बघायला मी कितीही वेळा तो सिनेमा बघेन. विनोदाने त्याला दिलंय ते हे, आणि त्याच्याकडून काढून घेतलं तेही विनोदानेच.

आता कमेंटमध्ये "मग काय कॉमेडी बंदच करायची का" म्हणून येऊ नका. मला एकही सिनेमा बंद करायचा नाहीये. 'गोलमाल' लावा, खुशाल लावा. पण पोरं शेजारी बसलेली असतील तर तिथे जरा पॉज करा आणि सांगा, की खरंच कोणी असं बोलताना अडकलं तर त्याच्याकडे बघत थांबायचं, वाक्य त्याचं त्याला पुरं करू द्यायचं आणि मध्ये शब्द पुरवायचा नाही. सांगायला अर्धा मिनिट लागतो.