फक्त रंग मारायचा राहिलाय

जुनी गाडी घेऊन ती घरीच नवी करायला बसलेल्या माणसाच्या तोंडी एक वाक्य कायमचं असतं: "झालंय सगळं, आता फक्त रंग मारायचा राहिलाय." पहिल्या महिन्यात तो हे उत्साहाने म्हणतो, सहाव्या महिन्यात जरा हळू आवाजात म्हणतो, आणि लोकांनी विचारणं सोडून दिल्यावर स्वतःशीच पुटपुटतो. वाक्य तसं खोटं नसतं, त्यातला 'फक्त' तेवढा खोटा. रंग मारायला एक दुपार पुरते, पण त्या दुपारीपर्यंत पोचेस्तोवर माणूस आणि पत्रा दोघेही निम्मे झिजलेले असतात.

मूळ घोळ एका समजुतीत आहे: रंगाखाली सगळं झाकलं जातं. भिंतीचा रंग झाकत असेल, गाडीचा चकचकीत रंग हा अट्टल चुगलखोर असतो. रंगाआधी मारायच्या मळकट प्रायमरमध्ये दार आरशासारखं सपाट वाटतं. त्यावर चकाकी आली की समोरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नेमकं तुम्ही आळस केलात त्या जागी वाकतं. मग गाडीकडे बघणारा प्रत्येक जण तिथेच बोट ठेवतो.

म्हणून सुरुवात धुण्यापासून. पॉलिश पेपर हातात घेण्याआधी साबण-पाणी, आणि त्यानंतर मेण-तेल काढायचं द्रावण. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं हौसेने चोपडलेलं मेण आणि सिलिकॉन पत्र्यावर बसलेलं असतं. न धुता घासलं तर ते निघत नाही, कागदाने पाडलेल्या चरांत आणखी खोल भरलं जातं. पुढे रंग मारताना तिथे माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे उमटतात. द्रावणासाठी फडकी दोन हवीत. एकाने ओलं लावायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. वाळू दिलं तर मेण जागच्या जागी परत बसतं. तुम्ही त्याला फक्त फेरफटका मारून आणलेलं असतं.

यानंतर एक छोटं चुंबक पातळ कापडात गुंडाळून गाडीभर फिरवावं. दारावर ते टक्कन चिकटतं, छतावर चिकटतं, आणि मागच्या चाकाच्या कमानीपाशी आलं की अलगद घसरून खाली पडतं. समजायचं काय ते. तुमच्याआधी इथे कोणीतरी 'फक्त रंग' मारून गेलंय. (बंपर प्लास्टिकचा असेल तर चुंबकाला बोल लावू नका.) तिथला थर उकरला की बोटभर जाडीची लांबी (म्हणजे खड्डे भरायची पुट्टी), तिच्यामागे जाळी, आणि क्वचित वर्तमानपत्राचा बोळासुद्धा निघतो. उत्खनन म्हणून मजा येते, पण त्याखालचा पत्रा मात्र हयात नसतो.

गंजाचं गणित सरळ आहे. वर रंगाला नखाएवढा फोड दिसतो, तेव्हा खाली तळहाताएवढा कारभार झालेला असतो. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. आत गेला तर ते भोकच, फक्त त्याला अजून तसं कोणी सांगितलेलं नाही. अशा जागी लांबी भरणं म्हणजे भोकाला गोधडी पांघरणं. मागून येणारी ओल ती पिते आणि बऱ्याचदा वर्षभरात फोड परत हजर होतो. निरोगी पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि तेवढ्याच जाडीचा तुकडा जोडायचा. गाडीचा पत्रा ०.७ ते ०.८ मिलिमीटरचा, त्यावर सलग वेल्डिंग ओढली तर तो तापून वेडावाकडा होतो. एक टाका इथे, दुसरा पलीकडच्या टोकाला, मधे थंड व्हायला वेळ, असं करत सांधा पुरा करावा. त्याआधी बॅटरी सोडवा, इंधनाच्या नळ्या कुठून जातात ते बघा, आणि पत्र्यामागचं आतलं अस्तर काढून ठेवा. नाहीतर शेजाऱ्यांना गाडीबरोबर धूरही बघायला मिळतो.

नुसता वरवरचा गंज असेल तर लोक ड्रिलला तारेचा ब्रश लावून चकाकी येईपर्यंत फिरवतात. ब्रश बराचसा गंज काढत नाही, त्याला पॉलिश करतो. नीट बघा, चकाकीत काळे ठिपके असतात. त्या खळग्यांत फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लागतं. ते गंजाचं लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं. मात्र डब्यावर लिहिल्याप्रमाणे ते धुऊन कोरडं करायला विसरलात तर उरलेलं आम्ल वरच्या इपॉक्सी प्रायमरशी भांडण काढतं, आणि प्रायमर पापुद्र्यांनी निघून येतो.

पोचा काढणं हा वेगळाच अध्याय. हातात हातोडी आलेला माणूस पोच्याच्या मधोमध, आतून, दणादण ठोकतो. पोचा पडताना पत्रा ज्या क्रमाने वाकला त्याच्या उलट क्रमाने त्याला परत आणायचं असतं, म्हणजे कडेचे उंचवटे आधी आणि खोल मध्य शेवटी. डॉली, म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा, थेट हातोडीच्या खाली धरून ठोकलं की पत्रा दोहोंमध्ये चिरडून पसरतो. पसरलेल्या पत्र्याला जायला जागा नसते, म्हणून तो डब्याच्या झाकणासारखा टक् आत, टक् बाहेर करू लागतो. एकदा हा नाद लागला की तो पत्रा तापवून आकसवल्याशिवाय सुटत नाही. त्यापेक्षा डॉली खोलगट भागाखाली आतून दाबून धरावी आणि हातोडी शेजारच्या उंचवट्यावर, तीही हलकी. दहा हलके फटके एका रागाच्या फटक्यापेक्षा बरे. दोनेक मिलिमीटरपर्यंत आलं की थांबावं, उरलेल्यासाठी लांबी आहे. फक्त उंचवटा ठेवू नका. लांबी खड्डा भरते, डोंगर बुजवत नाही.

आता लांबी. घरगुती कारागिराचं खरं पानिपत इथे होतं. आधी उघड्या पत्र्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर (नंबर जितका लहान तितका खरखरीत) मारून ओरखडे पाडायचे, गुळगुळीत पत्र्यावर ती धरत नाही. पॉलिएस्टर लांबीला हार्डनर (तिला घट्ट करणारं रसायन) साधारण वजनाच्या २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम. जवळपास सगळे तो अंदाजाने पिळतात. स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरला तर प्रमाण अचूक येतं, पण मग घरात राहणं अवघड होतं. हार्डनर कमी पडला तर लांबी दुसऱ्या दिवशीही चिकट राहते आणि कागदात गोळा होते. 'लवकर वाळेल' म्हणून जास्त घातला तर जादाचा पेरॉक्साइड तसाच उरतो आणि काही आठवड्यांनी वरच्या रंगात पिवळसर डाग होऊन बाहेर येतो.

कालवायला पुठ्ठा घेऊ नये, तो लांबीतलं द्रव शोषतो. काच किंवा प्लास्टिकची पाटी घ्यावी. फेटू नये, पत्तीने दाबत, पसरत, परत गोळा करत कालवावं. फेटलं की हवा शिरते, आणि ती हवा पुढे टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांच्या रूपाने शेकड्यांनी भेटते. रंगाच्या रेघा जाऊन एकच छटा झाली की कालवणं संपलं. २०-२५ अंशांत तुमच्या हातात चार-पाच मिनिटं असतात, उन्हात त्याहून कमी. नेमका याच वेळी फोन वाजतो, आणि लांबी पाटीवरच कायमची वस्तीला येते. ती खरवडून डब्यात परत टाकण्याची हुशारी करू नका, तिच्या संगतीने डब्यातलीही दगड होईल. पहिला हात पातळ आणि घट्ट दाबून द्यावा, म्हणजे ती ओरखड्यांत शिरते. पुढचे हात त्यावर. सगळं मिळून ३ मिलिमीटरच्या आसपास राहिलं तर उत्तम. त्याहून जास्त लागत असेल तर हातोडीकडे परत जावं.

अर्ध्या तासात घासता येतं, आणि इथून माणसाचा दंड आणि देवावरचा विश्वास दोन्ही तयार होतात. कागद ठोकळ्यावरच गुंडाळायचा. नुसत्या हाताने घासलं की चार बोटं चार चर पाडतात, आणि ते डोळ्याला दिसत नाहीत. कोणाला दिसतात ते वर सांगितलंच आहे. दाराएवढ्या सपाट भागाला ठोकळा लांब हवा. आखूड ठोकळा खड्ड्यात उतरतो आणि त्यालाच गोंजारत बसतो. घासणं तिरपं, आधी एका कर्णाने, मग दुसऱ्याने. कागद ८०, मग १२०, मग १८०. मधली पायरी गाळली तर मोठ्या नंबराचा कागद जुने ओरखडे काढत नाही, त्यांच्या कडा मऊ करून तुम्हाला फसवतो. प्रायमर आणि रंगातलं थिनर नंतर त्या ओरखड्यांत उतरून त्यांच्या कडा फुगवतं, आणि सगळं वाळून आकसलं की महिन्याभराने ८० नंबरची रांगोळी वर उमटते.

लांबी पाण्याने घासू नका. तीत शंखजिरं असतं, ते पाणी धरून ठेवतं. पाण्याचा कागद प्रायमरसाठी.

सपाट झालं का हे डोळ्यांना विचारू नये. हातात पातळ सुती मोजा घालावा, बोटं नव्हे तर अख्खा तळवा टेकवावा, आणि घासलं त्या दिशेने नाही तर आडवा, चांगल्या पत्र्यावरून लांबीवर आणि पलीकडे चांगल्या पत्र्यावर, असा फिरवावा. डोळे मिटले तर अधिक कळतं. डोळे मिटून गाडीवरून हळुवार हात फिरवणारा माणूस रस्त्यावरून कसा दिसतो, ही काळजी मात्र सोडून द्यावी.

तळव्यावर भरवसा नसेल तर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारावा आणि ठोकळा फिरवावा. काळं राहिलं ते खोल, पत्रा चमकला तो उंच. आता खरी परीक्षा स्वभावाची. काळा ठिपका दिसला की माणूस तेवढ्याच जागी बोटाने घासून तो घालवतो. ठिपका जातो, खड्डा दुप्पट होतो. पत्रा मधे चमकतोय आणि सभोवती काळं आहे, असं असेल तर घासून काही होणार नाही. तो उंचवटा हलकेच खाली ठोकायचा आणि पुन्हा लांबी. 'पुन्हा लांबी' या दोन शब्दांची सवय लवकर झालेली बरी. दाराला तीन फेऱ्या लागल्या तर वाईट वाटून घेऊ नका, चार लागल्या तर कोणाला सांगू नका.

धुळीबद्दल दोन शब्द. ही धूळ दारं-खिडक्या बंद असताना घरात कशी येते याचं शास्त्रीय उत्तर आहे: ती तुमच्या अंगावरून येते. जाड मास्क, डोळ्यांना चष्मा, आणि कपडे बाहेर झटकणं. जुन्या गाडीच्या मूळ रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासून हवेत उडवू नये. घरात लहान मुलं असतील तर नाहीच नाही.

प्रायमर दोन प्रकारचे लागतात. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी, तो पकड धरतो आणि ओल अडवतो. पत्र्याला चरे पाडून पकडणारा आम्लयुक्त एचिंग प्रायमर आणि लांबी यांचं जमत नाही, आम्ल तिला धड वाळू देत नाही. इपॉक्सीवर जाड भरणारा प्रायमर, दोन-तीन हात, प्रत्येक हातामागे १०-१५ मिनिटं थांबून. घाईने हातावर हात चढवले तर आत कोंडलेलं थिनर पुढे कित्येक दिवस सावकाश बाहेर पडत राहतं, आणि तुम्ही सपाट केलेलं त्याच्याबरोबर आकसत जातं. रात्रभर वाळू द्या. परत काळा फवारा, ठोकळा, ३२०, ४००, आणि वर कोणता रंग येणार त्याप्रमाणे ६०० पाण्यात.

इथे एक मिनिट विनोद बाजूला. हार्डनर घालून मारायच्या, म्हणजे दोन घटकांच्या 'टू-के' प्रायमर आणि रंगांत बहुधा आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याचा वास इशारा देत नाही, धुळीचा मास्क त्याला अडवत नाही, आणि एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की दम्याचा त्रास जन्मभराचा होऊ शकतो. त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो नसेल तर घासणं घरी करावं आणि फवारणी रंगाच्या बूथवाल्याकडे सोपवावी. यात कमीपणा नाही. नव्वद टक्के घाम तुमचाच आहे.

घरीच साधा प्रायमर मारणार असाल तर काचा-रबर झाकायला मास्किंगचाच कागद घ्या, वर्तमानपत्रातून थिनर झिरपतं आणि शाई खाली उतरते. जमीन पाण्याने ओली करा. कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा सापळा लावा, नाहीतर फवाऱ्याबरोबर थेंबही येतील. शेवटी चिकट फडकं पत्र्यावरून नुसतं सरकवा. दाबलंत तर त्यातला चीक पत्र्यावर राहतो. घरात त्या दिवशी कोणी सिलिकॉनचा स्प्रे मारून टेबल चमकवत नाही ना, हे आधी विचारून घ्या. प्रश्न विचित्र वाटेल, पण त्या धुक्याला भिंती आडव्या येत नाहीत.

हे सगळं निगुतीने पार पडलं, वारा पडलेला आहे, पहिला हात एकसारखा बसलाय, आणि फवाऱ्याची बंदूक खाली ठेवताच एक चिलट येऊन बॉनेटच्या मधोमध उतरतं. त्याला उचलायला जाऊ नका. तुमच्या बोटाचा खड्डा त्याच्या सहा पायांपेक्षा मोठा पडेल. वाळू द्या, उद्या ४०० नंबरने ते निघून जाईल. आणि कुंपणावरून कोणी "झालं का?" विचारलंच, तर काय सांगायचं ते तुम्हाला पाठ आहे.