‘घाबरवता कशाला?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(वय ७४ असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते. चालेल ना?)

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, बरंचसं खरं आहे. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देते. ‘हृदयाचे ठोके अनियमित झाले की स्मृतिभ्रंश येणारच’ असं लिहून मी म्हाताऱ्या माणसांची झोप उडवली. या दोन गोष्टी सोबत दिसतात, पण एकीमुळे दुसरी होते हे कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि तोल जाणाऱ्या माणसाने रक्त पातळ करायची गोळी घेण्यापेक्षा ॲस्पिरिन बरी. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंत, की महिन्याभरापूर्वी स्वतःची गोळी बंद केलीत.

‘येणारच’ हा शब्द चुकला. एट्रियल फिब्रिलेशन (अनियमित ठोक्यांचा हाच आजार) असूनही शेवटपर्यंत डोकं शाबूत असलेली माणसं पुष्कळ असतात. वाक्य दुरुस्त केलंय.

दुसऱ्या मुद्द्यावरही मी तुमच्याच बाजूला सरकते. १९९७ साली रॉटरडॅमच्या अभ्यासात असे ठोके असणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश दुपटीहून थोडा जास्तच आढळला. पण वय, रक्तदाब, मधुमेह हे दोन्हीकडचे पाहुणे. नेमकं कुणी काय केलं ते असं मोजून कळत नाही. २०१८ मध्ये स्वीडनमधल्या अशा ४ लाखांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश २९ टक्क्यांनी कमी निघाला. मागच्या लेखात मी हा आकडा मोठ्या तोऱ्यात दिला होता. खोच अशी, की विसरायला लागलेल्या, खंगलेल्या माणसाला डॉक्टर मुळातच ही गोळी द्यायला कचरतात. म्हणजे गट आधीपासूनच वेगळे. पुढे ब्रेन-एएफ या चाचणीत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून पाहिलं. बुद्धीच्या घसरणीत गोळीने फरक पडला नाही, आणि चाचणी मुदतीआधीच थांबवली. तिथली माणसं पक्षाघाताचा धोका कमी असलेली आणि ६२ वर्षांच्या आतली होती, तुमच्या वयाची नव्हेत. तरी मी ती लपवायला नको होती.

एक गोष्ट मात्र सोडवत नाही. स्वित्झर्लंडमध्ये, असेच ठोके असणाऱ्या पण कधीही पक्षाघात न झालेल्या १,३९० रुग्णांच्या मेंदूचे एमआरआय काढले. शंभरातल्या साधारण १८ जणांच्या मेंदूत रक्त न मिळाल्याने मेलेल्या भागाचे डाग होते. ना हात लुळा पडला, ना तोंड वाकडं झालं. त्यांना पत्ताच नव्हता.

आता गोळी. इथे मात्र आपलं भांडण आहे.

माझ्या आईच्या मनगटावर मी रोज दोन बोटं ठेवते. टक, टक-टक, मग काहीच नाही, मग घाईघाईने तीन. ताल कुठेच लागत नाही. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात, म्हणून हे असं. डाव्या कप्प्याला खिशासारखा एक कोपरा असतो, तिथे रक्त साचून गुठळी धरते. ती सुटली की थेट मेंदूकडे. पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो, आणि हे स्मृतिभ्रंशाच्या वादासारखं अधांतरी नाही. आईची गोळी ‘स्मरणशक्तीसाठी’ नाहीच, ती या गुठळीसाठी आहे. दोन्ही गोष्टींचा घोळ माझ्याच लेखाने घातला, हे खरं.

ॲस्पिरिन इथे फारशी कामाची नाही. वॉरफरिनने (रक्त पातळ करणारी जुनी गोळी) पक्षाघात सुमारे दोन तृतीयांश कमी होतात, ॲस्पिरिनने जेमतेम एक पंचमांश. ज्यांना वॉरफरिन झेपत नाही अशांना २०११ च्या चाचणीत ॲपिक्साबॅन (रक्त पातळ करणारी नवी गोळी) किंवा ॲस्पिरिन दिली. ॲपिक्साबॅनवाल्यांमध्ये पक्षाघात निम्म्याहून कमी झाले, आणि मोठ्या रक्तस्रावात लक्षणीय फरक नव्हता. ॲस्पिरिन ‘सौम्य’ असते, हा आपला समज.

राहिलं पडणं. १९९९ मध्ये काही डॉक्टरांनी हिशोब मांडला: डोक्यातल्या रक्तस्रावाच्या भीतीने वॉरफरिन टाळणं परवडायचं, तर माणसाने वर्षात २९५ वेळा पडायला हवं. कागदावरचं गणित आहे, मान्य. आई दोन वर्षांत दोनदा पडली. दुसऱ्यांदा कपाळाला टेंगूळ आलं, तेव्हा वाट न पाहता रात्रीच सीटी स्कॅन करून आणला. काही निघालं नाही. भीती मला कळते, काका. पण तेवढ्यावर गोळी बंद करावी असं आमच्या डॉक्टरांना वाटलं नाही. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला असेल किंवा मूत्रपिंडं बरीच खराब असतील, तर गोष्ट वेगळी.

तुमची गोळी कुठली ते लिहिलेलं नाही. नव्या गोळ्यांचा असर एक-दोन दिवसांतच उतरतो, म्हणजे महिनाभर तुम्ही बिनाछत्रीचे आहात. आपलं आपण परत सुरूही करू नका. उद्याच डॉक्टरांना फोन करा, ‘मी बंद केली होती’ हे स्पष्ट सांगा, पडण्याचंही सांगा. ते काय म्हणाले ते इथेच कळवाल?