आईसमेकरची नळी गोठते, पण दोष थंडीचा नाही

‘आईसमेकरच्या पाण्याची नळी गोठली? मेकॅनिकला पैसे देऊ नका, घरच्या घरी हे करा’ असा एक मेसेज महिनाभर आमच्या फोंड्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. आईसमेकर म्हणजे फ्रीजरमधलं आपोआप बर्फ बनवणारं यंत्र. मेसेजमध्ये सांगितलंय ते थोडक्यात असं: फ्रीजर गरजेपेक्षा थंड झालाय, तो उणे १० वर आणा. नळीवर उकळतं पाणी ओता. पुन्हा गोठू नये म्हणून नळीतून मिठाचं पाणी सोडा. फिल्टर काढून ठेवा, म्हणजे पाणी जोरात येईल. एवढं करूनही गोठलीच तर आईसमेकर गेला, नवा बसवा. शेवटी एक ओळ अशी की, गोव्याच्या दमट हवेत हे व्हायचंच.

मी अठरा वर्षं फ्रीजची कामं करतो. गेल्या पंधरा दिवसांत तीन घरांत मला या मेसेजमुळे वाढलेलं काम निस्तरावं लागलं. एका घरी फ्रीजरच्या मागच्या भिंतीचं प्लास्टिक हातभर तडकलं होतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आधी हे यंत्र चालतं कसं ते बघू. फ्रीजच्या पाठीमागे खाली एक व्हॉल्व्ह असतो, त्यात विजेची कॉइल असते. साच्यातला बर्फ तयार होऊन खालच्या डब्यात पडला की त्या व्हॉल्व्हला काही सेकंद वीज मिळते, तो उघडतो, पेलाभराहून कमी पाणी नळीने वर चढून साच्यात पडतं आणि व्हॉल्व्ह बंद होतो. नळीचं शेवटचं टोक फ्रीजरमध्ये असतं. तिथे कायम शून्याच्या खूप खाली तापमान असतं, तरी चांगल्या चालणाऱ्या फ्रीजमध्ये नळी गोठत नाही, कारण पाणी एका दमात येऊन जातं आणि मागे नळी रिकामी राहते. रिकाम्या नळीत गोठायला काही नसतं. नळी गोठली म्हणजे तिच्यात जे पाणी थांबायला नको होतं ते थांबलं. ते का थांबलं, हे शोधायचं. मेसेजमध्ये याबद्दल एक अक्षर नाही.

आता पहिला उपाय, फ्रीजर उणे १० वर आणण्याचा. पाणी शून्याला गोठतं. नळीत थेंब साचत असेल तर तो उणे १८ ला गोठेल तसाच उणे १० लाही गोठेल, फार तर थोडा उशिरा. मग काही लोकांना हा उपाय लागू पडल्यासारखा का वाटतो? जुन्या साध्या बनावटीच्या आईसमेकरमध्ये साचा साधारण उणे ९-१० पर्यंत उतरल्याशिवाय थर्मोस्टॅट बर्फ पाडायचा हुकूमच देत नाही. फ्रीजरच उणे १० वर ठेवला की साचा तिथवर पोचायला झगडतो, बर्फ पडत नाही, व्हॉल्व्हही उघडत नाही. नळी गोठायची थांबली असं वाटतं, पण बर्फ येणंच बंद झालेलं असतं.

आणि आपल्या घरात फ्रीजर काय फक्त बर्फासाठी आहे? १ जून ते ३१ जुलै मासेमारीच्या बंदीमुळे ट्रॉलर बंद. त्याआधी लोक सुंगटं (कोळंबी), विसवण (सुरमई), बांगडे साफ करून, पुड्या बांधून फ्रीजरमध्ये भरतात. उणे १८ हे घरच्या फ्रीजरचं ठरलेलं तापमान आहे, ते मासे-मांस महिना-दोन महिने नीट राहावं म्हणूनच. उणे १० ला बांगड्यासारखी तेलकट मासळी लवकर खवट होते. नळीच्या नावाखाली कुणाची आषाढाची बेगमी बिघडावी हे मला अजिबात पटत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. शेजारी-शेजारी दोन उभी दारं असलेल्या फ्रीजमध्ये पिण्याच्या पाण्याची नळी फ्रीजरच्या दारातून जाते. ती नळी कायम भरलेली असते, आणि कुणी फ्रीजर उणे २२-२३ वर नेऊन ठेवला तर ती खरोखर थंडीने गोठू शकते. तिथे तापमान उणे १८ वर आणणं बरोबर. पण ती नळी वेगळी, आईसमेकरची वेगळी. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्हींची सरमिसळ केली आहे.

उकळत्या पाण्याबद्दल फार बोलायची गरज नाही. उणे १८ ला कडक झालेल्या प्लास्टिकवर उकळतं पाणी पडलं की ते तडकतं. भिंतीतली तडक भरून निघत नाही, तिच्यातून ओल आतल्या फोममध्ये शिरते. शिवाय तिथे विजेच्या वायरी असतात. नळी मोकळी करायचीच असेल तर फ्रीजचा प्लग काढा, पाण्याचा कॉक बंद करा, खाली जाड टॉवेल अंथरा आणि फार्मसीतल्या मोठ्या सिरिंजने अंगाला सोसेल एवढं कोमट पाणी नळीच्या तोंडात थोडं थोडं सोडा. हेअर ड्रायर वापरला तर मंद ठेवा, लांबून धरा, एका जागी रोखू नका. तासभर घाई नसेल तर दार उघडं टाकून बसलं तरी चालतं. पण बर्फ वितळवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. कारण तसंच राहिलं तर चार-आठ दिवसांत नळी पुन्हा गोठते.

मिठाचं पाणी कमी तापमानापर्यंत गोठत नाही, ते खरं. पण जी नळी दर खेपेला साध्या पाण्याने धुतली जाते तिच्यात मीठ टिकणार किती? पहिल्याच भरणीला ते साच्यात उतरतं आणि सरबतात जातं. बऱ्याच आईसमेकरचा साचा ॲल्युमिनियमचा असतो, मीठ त्याला खातं. एका घरी मी साच्याला पांढरे डाग आणि खड्डे पडलेले बघितले, फ्रीज घेऊन दोन वर्षंही झाली नव्हती.

फिल्टरच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, म्हणून तो जास्त धोक्याचा. तुंबलेल्या फिल्टरने पाण्याचा जोर कमी होतो आणि कमी जोर हे नळी गोठण्याचं एक मोठं कारण आहे. म्हणून फिल्टर सहा महिन्यांनी बदलायचा असतो. काढून टाकायचा नसतो. आपल्याकडे जमीन जांभ्याची. पावसाळ्यात विहिरीच्या पाण्यात लाल माती उतरते, टाकीच्या तळाशी गाळ बसतो. कधी टाकी साफ करताना बघा, बोटाला लागतो तो तांबडा चिकट साका. फिल्टर नसला की तो सरळ व्हॉल्व्हमध्ये जातो. व्हॉल्व्हच्या आत रबराचा पातळ पडदा असतो, तो बसतो त्या कडेवर मातीचा एक कण अडकला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, थेंब थेंब गळत राहतो. तो थेंब नळीच्या टोकाशी येऊन गोठतो, दुसरा त्यावर, तिसरा त्यावर. नळी गोठू नये म्हणून फिल्टर काढणारा नळी गोठण्याचीच तयारी करत असतो.

त्या रबराच्या पडद्याबद्दल आणखी एक गोष्ट आहे, आणि गोव्यातल्या घरांसाठी माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची. व्हॉल्व्ह बंद होताना तो पडदा नुसत्या स्प्रिंगने दाबला जात नाही, त्याच्या पाठीवर पाण्याचा स्वतःचा दाब असतो. दाबच कमी असेल तर पडदा घट्ट बसत नाही. म्हणून बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की पाण्याला किमान २० पीएसआय (हे दाब मोजायचं एकक) दाब हवा, काहींत तर ३०. आता हिशेब करा. २० पीएसआय म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीच्या पाण्याचा दाब, चार मजली इमारतीएवढी उंची. आपल्या बैठ्या घराच्या स्लॅबवर टाकी, फ्रीजच्या व्हॉल्व्हपासून चार-पाच मीटर वर. म्हणजे ६-७ पीएसआय. एक मजला वर असेल तर १०. इतक्या दाबाला व्हॉल्व्ह उघडतो, साचा अर्धवट भरतो, आणि बंद होताना रडतखडत बंद होतो. आरओच्या टाकीतून फ्रीजला पाणी दिलं असेल तरी बहुतेक वेळा हीच गत.

हे आधी ओळखता येतं. नळी गोठायच्या आधी काही आठवडे बर्फाचे खडे बारीक, चपटे यायला लागतात. तेव्हाच दाब मोजून घ्या. प्लंबरकडे मीटर असतो, पाच मिनिटांचं काम आहे.

म्हार्दोळच्या एका काकींकडे मी हे दाखवलं. त्यांनी मेसेजप्रमाणे फ्रीजर उणे १० वर नेला होता, तरी नळी तिसऱ्यांदा गोठली होती.

“दादा, आईसमेकरच बदल, मला आता कटकट नको,” त्या म्हणाल्या.

“काकी, आजची रात्र मला द्या,” मी म्हटलं, “आणि एक स्टीलची वाटी.”

नळी मोकळी केली, आईसमेकर स्क्रू काढून बाहेर काढला आणि नळीच्या तोंडाखाली वाटी ठेवली. त्यांच्या मॉडेलमध्ये व्हॉल्व्हला वीज आईसमेकरमधूनच जाते, म्हणजे रात्रभर व्हॉल्व्ह उघडायचं काही कारणच नव्हतं. सकाळी जाऊन बघतो तर वाटीत बोटाच्या पेराएवढा काचेसारखा स्वच्छ बर्फ, आणि नळीच्या तोंडाला तसाच एक सुळका लोंबतोय. काकींनी वाटी उजेडात धरून बघितली. आईसमेकर टेबलावर पडलेला, तरी बर्फ आलाच होता. व्हॉल्व्ह बदलला, फिल्टर नवा घातला, टाकी आणि फ्रीजच्या मध्ये प्रेशर स्विचचा छोटा पंप बसवला. त्यांचा आईसमेकर तोच आहे, आणि खडे आता चौकोनी, भरीव येतात. म्हणून ‘गोठली तर आईसमेकर गेला’ या ओळीवर विश्वास ठेवून हजारो रुपये घालवू नका. काही फ्रीजमध्ये नळीभोवती छोटा हीटर असतो, तो जळला तरी नळी गोठते, पण तोही सुटा बदलता येतो. फ्रीज मागे-पुढे कललेला असेल, जुन्या घरांच्या फरशीवर हे होतंच, तर नळीतलं शेवटचं पाणी ओघळून जात नाही. तिथे खालचे पाय फिरवून फ्रीज सपाट केला की काम झालं.

राहिली दमट हवा. जून-जुलैत आपल्याकडे हवा कशी असते ते वेगळं सांगायला नको. पण दमट हवेचा बर्फ आणि पाण्याचा बर्फ डोळ्यांनी वेगळा ओळखता येतो. हवेतल्या ओलाव्याचा बर्फ पांढरा, भुसभुशीत, नखाने खरवडला की पावडरीसारखा पडतो. तो भिंतीवर, दाराच्या कडेला, सगळीकडे पसरतो. व्हॉल्व्हच्या गळतीचा बर्फ पारदर्शक, कडक, एकाच जागी. पांढरा बर्फ दिसला तर दाराचं रबर तपासा. दारात वर्तमानपत्राचा तुकडा अडकवून ओढा, सहज सुटला तर तिथून हवा शिरतेय. नळी भिंतीतून जिथे आत येते तिथलं बूच सुटलं असेल तरीही ओली हवा शिरून नळीच्या तोंडाशी बर्फ धरते. ही दोन्ही कामं स्वस्तातली आहेत. गोव्यात राहतो म्हणून सोसत बसायची गरज नाही.

ज्यांनी आधीच मिठाचं पाणी सोडलंय त्यांनी साचा कोमट पाण्याने पुसून घ्या आणि पहिल्या तीन-चार खेपांचा बर्फ टाकून द्या. आणि मेकॅनिकला फोन कराल तेव्हा तीन गोष्टी आधी बघून सांगा: खडे बारीक येत होते का, टाकी फ्रीजपासून किती उंच आहे, आणि नळीतला बर्फ पांढरा की काचेसारखा. त्यावरून कोणतं सामान घेऊन यायचं ते त्याला घरूनच कळेल.